ओट्याचा दगड निवडताना लिंबू आणि हळद लावून बघा

स्वयंपाकघर नव्याने करताना ओट्याचा दगड दुकानातल्या दिव्याखाली ठरवू नका. आवडलेल्या दगडाचा तुकडा मागून घरी आणा, त्यावर लिंबाचा रस आणि ओली हळद रात्रभर राहू द्या आणि सकाळी पुसून बघा. संगमरवर आणि कडप्पा दोन्ही चुनखडीच्या जातीचे, त्यामुळे लिंबू, चिंच, कोकम सांडलं की त्यांची चकाकी जाते. तो डाग घासून निघत नाही, पुन्हा पॉलिशच करावं लागतं. पांढरा संगमरवर कितीही देखणा असला तरी रोजच्या ओट्याला मी तो सुचवणार नाही. क्वार्ट्झवर, म्हणजे कारखान्यात बनवलेल्या दगडावर, डाग कमी पडतात, पण त्यात रेझिन, म्हणजे उष्णतेने खराब होणारं प्लास्टिकसारखं द्रव्य असतं, म्हणून शेगडीवरून उतरवलेला कुकर थेट त्यावर टेकवू नका. आपल्या फोडण्या-तळणाला गडद ग्रॅनाइटच सगळ्यांत सोशिक.

कडेचं मोल्डिंग साधं गोलसर घ्या. नक्षीत पीठ आणि तेलकट मळ साचतो. आणि कडेच्या खालच्या बाजूने एक बारीक खाच मारायला कारागिराला आधीच सांगा, म्हणजे ओटा धुताना पाणी खालच्या ट्रॉल्यांकडे न ओघळता खाचेपाशीच ठिबकून जातं.