आजारी कोंबडीचे खाणेपिणे: आधी ऊब, मग पाणी, मग दाणा

कोंबडी पिसे फुलवून कोपऱ्यात बसली आणि दाण्याकडे बघेनाशी झाली की सगळ्यात आधी तिच्यापुढे काहीतरी खायला ठेवले जाते. इथेच गफलत होते. गारठलेल्या, अंगातले पाणी कमी झालेल्या कोंबडीचे पचन जवळजवळ थांबलेले असते. तशात पोटात गेलेले अन्न पुढे न सरकता गळ्याखालच्या थैलीत, म्हणजे क्रॉपमध्ये, पडून आंबते. (खुडूक कोंबडीही कमी खाते आणि जागची हलत नाही, पण हात जवळ नेला की फुगून अंगावर येते. ती आजारी नसते.)

निरोगी कोंबडीच्या अंगाचे तापमान सुमारे ४१ अंश सेल्सिअस असते आणि ते टिकवण्यातच आजारी पक्ष्याची ताकद संपते. तिला इतर कोंबड्यांपासून वेगळे करून खोक्यात किंवा पिंजऱ्यात ठेवा. एका बाजूला २७ ते ३० अंश ऊब द्या, दुसरी बाजू मोकळी राहू द्या, म्हणजे गरम झाले तर तिला सरकता येईल. चोच उघडून धापा टाकू लागली, पंख अंगापासून लांब धरले, तर ऊब जास्त झाली.

अर्ध्या-एक तासाने पाणी. अंड्यावरची कोंबडी दिवसाला ११० ते १२० ग्रॅम खाद्य खाते आणि वजनाने त्याच्या साधारण दुप्पट पाणी पिते. खाणे सुटले की पाणीही सुटते. १ लिटर कोमट पाण्यात पाव चहाचा चमचा मीठ, पाव चमचा खाण्याचा सोडा आणि एक सपाट चमचा साखर विरघळवून ठेवा, शेजारी साधे पाणीही ठेवा. हे मिश्रण रोज ताजे करा आणि एक-दोन दिवसांवर चालवू नका. ती स्वतः पीत नसेल तर ड्रॉपरने चोचीच्या कडेला एक थेंब सोडा आणि ती गिळेपर्यंत थांबा. चोच उघडून पिचकारी कधीही मारू नका: श्वासनलिकेचे तोंड जिभेच्या मुळाशीच असते, पाणी थेट फुप्फुसात जाते.

आता क्रॉप. छातीच्या वर, तिच्या उजव्या बाजूला बोटांनी चाचपा. रात्री भरलेला क्रॉप सकाळी, दाणा देण्याआधी, रिकामा लागायला हवा. सकाळीही तो कणकेच्या गोळ्यासारखा घट्ट लागला, किंवा पाण्याच्या फुग्यासारखा डुचमळला आणि तोंडाला आंबूस वास आला, तर काहीही खायला देऊ नका, पशुवैद्याला दाखवा. कोंबडी उलटी धरून क्रॉप रिकामा करायचा प्रयत्न नको, त्यात ती गुदमरते.

क्रॉप ठीक असेल तर नवे काही शोधू नका. तिचे रोजचेच खाद्य कोमट पाण्यात लापशीइतके सैल भिजवा. ओल्या खाद्यातून पाणीही पोटात जाते, आणि ओळखीची चव असल्याने बहुतेक कोंबड्या त्यालाच आधी चोच लावतात. एका वेळी दोन चमचे, दिवसातून चार-पाच वेळा. उरलेले दोन तासांनी फेका, आंबलेल्या ओल्या खाद्याने नवे दुखणे येते. जोडीला उकडून कुस्करलेले अंडे द्या, दिवसाला अर्धे पुरते. अंडे शिजवलेलेच हवे, कारण कच्च्या पांढऱ्या बलकातील अ‍ॅव्हिडिन बायोटिन अडवून ठेवते. दूध देऊ नका. पक्ष्यांना लॅक्टोज पचत नाही, हगवण लागते. पावाने पोट भरते, पोषण मिळत नाही. बुरशीचा वास येणारा दाणा तर थेट विष.

कॅल्शियमकडे फारसे लक्ष दिले जात नाही. एका अंड्याच्या कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते, म्हणून लेअर फीडमध्ये, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, ते साडेतीन ते चार टक्के घालतात. अंडी बंद झाली की तेवढे कॅल्शियम नको असते आणि त्याचा ताण मूत्रपिंडांवर येतो. दोन-चार दिवस हरकत नाही. दुखणे लांबले किंवा पिसगळ सुरू झाली तर १६ ते १८ टक्के प्रथिनांचे ग्रोअर फीड (वाढत्या कोंबड्यांचे खाद्य) द्या आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. कवच पातळ येत असेल तर मात्र लेअर फीड सोडू नका.

बी-कॉम्प्लेक्सचे थेंब बहुतेक वेळा चालतात. एक अपवाद लक्षात ठेवा: कॉक्सिडिओसिसवर (आतड्यातल्या परजीवीमुळे होणाऱ्या आजारावर) अँप्रोलियम चालू असताना बी-१ नको. हे औषध परजीवीचा बी-१ रोखूनच काम करते. तुम्ही वरून तेच घातले तर औषध वाया.

रोज सकाळी खाण्याआधी वजन करून लिहून ठेवा. पिसांमुळे कोंबडी भरलेली दिसते आणि छातीचे हाड मात्र सुरीच्या धारेसारखे हाताला लागते. विष्ठाही बघा. तपकिरी गोळी आणि वर पांढरी टोपी म्हणजे अन्न पचते आहे. पातळ, गर्द हिरवी म्हणजे पोटात नुसते पित्त, दाणा गेलेला नाही.

२४ तासांत काहीच खाल्ले नाही, किंवा शेपटी खाली टाकून ताठ उभी राहत कुंथते आहे, म्हणजे अंडे अडकल्याची शंका आहे, तर लगेच पशुवैद्य गाठा. एकाच वेळी अनेक कोंबड्या मरू लागल्या, डोके सुजले, तुरा निळा पडला, तर शुश्रूषा थांबवा, पक्षी हलवू नका आणि पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.

बरी झालेली कोंबडी लगेच खुराड्यात सोडू नका. आठवडाभरात ओले खाद्य कमी करत कोरडे वाढवा, आणि वजन सलग तीन दिवस टिकले की संध्याकाळी, बाकीच्या दांडीवर चढल्यावर, तिला त्यांच्याजवळ बसवा.