रिकामी खोली सोबतीसाठी देताना या चुका टाळा

मुले पुण्या-बेंगळुरूला स्थायिक झाल्यामुळे माडीवरच्या खोल्यांना कुलूप लावून खाली एकटेच राहणारे वृद्ध बेळगावच्या शहापूर, वडगाव, टिळकवाडी भागांत पुष्कळ आहेत. दुसरीकडे, उद्यमबागेच्या औद्योगिक वसाहतीत कामाला किंवा शहरात शिकायला येणाऱ्या खानापूर, निपाणी, चिकोडी तालुक्यांतील मुलामुलींना परवडणारी खोली मिळत नाही. कमी भाड्यात खोली आणि त्या बदल्यात रात्रीची सोबत व थोडी मदत, ही व्यवस्था दोघांच्याही सोयीची आहे. मात्र अशा जोड्या जुळवून देताना मला त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे ‘घरच्यासारखी राहा’ एवढ्यावर बोलणे संपवणे. शहापुरातील माझ्या आत्याकडे खानापूर तालुक्यातील एक मुलगी राहायला आली. तीन हजारांच्या खोलीचे भाडे बाराशे ठरले आणि मदतीचा विषय निघाला तेव्हा आत्या म्हणाली, “घरचीच समज, तुझ्यामाझ्यात हिशेब कसला?” पहिला महिना औषधे आणि भाजी आणण्यात गेला. मग पाणी येईल त्या दिवशी पिंप भरणे, सकाळी बंब पेटवणे, संध्याकाळच्या भाकरी अशी एकेक कामे तिच्याकडे येत गेली. कारखान्यातून थकून आलेल्या त्या मुलीला वडीलधाऱ्या बाईला नाही म्हणता येईना, आणि ती नाही म्हणत नाही म्हणजे तिला आवडते आहे, असे आत्याला वाटत राहिले. जुलैत मुलीच्या घरी भाताची रोप लावण निघाली. “गावाला जाऊन येते,” असे सांगून ती गेली; आत्या दुसऱ्या दिवशी तिची वाट पाहू लागली, आणि मुलीच्या मनात लावण संपेपर्यंतचे पाच दिवस होते. तिसऱ्या संध्याकाळी आत्या न्हाणीत घसरून पडली. सकाळी दूधवाल्याने कडी वाजवून उत्तर मिळेना म्हणून शेजाऱ्यांना बोलावले, तोवर ती रात्रभर ओल्या फरशीवर पडून होती. ती जोडी मीच जुळवली होती.

तेव्हापासून मी आधी वहीचे एक पान लिहून घेते. आठवड्याचे तास किती, कोणती कामे करायची आणि कोणती करायची नाहीत, हे त्यावर असते. आठ तासांपेक्षा जास्त मदत मी लिहूच देत नाही, आणि आंघोळ घालणे किंवा आजारपणातील शुश्रूषा यांना मी मदतीत धरत नाही. त्यासाठी पगारी माणूस ठेवावा. रोप लावण, सुगी, गावची यात्रा आणि गणपती यांच्या सुट्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्याच दिवशी खुणा करून ठेवायच्या आणि त्या रात्री विचारपूस कोण करणार, त्या शेजाऱ्याचे नाव बाजूला लिहायचे.

दुसरी चूक कागदाची आहे, आणि ती आपल्या सीमाभागात विशेष होते. कोल्हापूरचा नातेवाईक ‘लिव्ह अँड लायसन्स’चा, म्हणजे जागा नुसती वापरू देण्याच्या कराराचा, मसुदा पाठवतो आणि इथे त्यावर जशाच्या तशा सह्या होतात. त्या मसुद्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ चा आधार असतो. मुदत संपल्यावर जागा परत मिळवण्याची त्यातली सोय कर्नाटकात लागू नाही. इथे कर्नाटकाचा स्वतःचा भाडे कायदा आहे, तोही १९९९ चाच. याउलट टंकलेखकाकडून तयार कन्नड करार आणला, तर तो सहसा पूर्ण घर भाड्याने देण्याचा असतो आणि कन्नड न वाचता येणारे आजी-आजोबा त्यावर विश्वासाने सही करतात. कागदाला नाव काहीही द्या, तो भाडेपट्टा की नुसती परवानगी हे ठरवताना खोलीचा स्वतंत्र ताबा दिला आहे का, याला न्यायालय फार महत्त्व देते. सर्वोच्च न्यायालयाने हे १९५९ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणून घर मालकाच्याच ताब्यात आहे आणि पाहुण्याला खोली वापरण्याची परवानगी आहे, हे स्पष्ट लिहावे, आणि सही करण्यापूर्वी ओळ न् ओळ मराठीत वाचून घ्यावी. बारा महिन्यांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी सक्तीची असते. अकरा महिन्यांची प्रथा त्यातूनच आली आहे. वकिलाचे थोडे पैसे वाचवण्यासाठी इथे आडवाट धरणे मला मुळीच पसंत नाही.

कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत महिन्याचा वापर २०० युनिटांच्या वर गेला की पूर्ण बिल भरावे लागते, त्यामुळे खोलीत हीटर किंवा विजेची शेगडी येण्याआधी हेस्कॉम या वीज कंपनीची मागची बिले पाहावीत. आधार कार्डाची प्रत घेताना पहिले आठ अंक झाकलेली घ्यावी. पोलीस ठाण्यात माहिती देण्याचे काम पुढच्या महिन्यावर ढकलू नये. शाकाहार-मांसाहाराचा प्रश्न संकोच सोडून पहिल्याच भेटीत विचारावा.

जूनमध्ये महाविद्यालये सुरू होण्याच्या तोंडावर ‘उद्याच सामान आणतो’ असे फोन येतात. या घाईला मी होकार देत नाही. मुलाने किंवा मुलीने एक शनिवारची रात्र त्या घरी काढावी, आणि रविवारी सकाळची आंघोळ, चहा आणि पाणी भरणे दोघांनी एकत्र केल्यानंतरच मी वहीचे पान पुढे ठेवते.