लाल दिवा का विझत होता

आर्वी तालुक्यातल्या आमच्या गावात नेट धड चालत नाही. म्हणून बाबांची कीर्तनं आणि जुने पिक्चर हार्डडिस्कवर भरून रास्पबेरी पाय ४ हा तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर टीव्हीला जोडला. मेमरी कार्डवर लिब्रेएलेक ही ऑपरेटिंग सिस्टीम टाकली की पिक्चर-गाणी लावायचं कोडी हे सॉफ्टवेअर त्यातच येतं. तेवढं काम अर्ध्या तासात झालं.

त्रास पुढेच होता. दहा मिनिटं चाललं की हार्डडिस्क टकटक करायची अन् सगळं थांबायचं. मी दोनदा कार्ड नव्यानं तयार केलं, एचडीएमआय केबलही बदलली. मग एका रात्री अंधारात दिसलं: अडकायच्या वेळी बोर्डावरचा लाल दिवा क्षणभर विझतो. व्होल्टेज सुमारे ४.६३ च्या खाली गेलं की तो तसा विझतो. या बोर्डाला ५.१ व्होल्ट, ३ अँपिअरचा अडॅप्टर लागतो. मी मोबाइलचा जुना चार्जर लावला होता! शिवाय चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअरच देतात आणि हार्डडिस्क फिरायला लागताना बराच करंट ओढते.

योग्य अडॅप्टर आणला, डिस्क स्वतःचा अडॅप्टर असलेल्या यूएसबी हबवर घेतली. त्यानंतर एकदाही अडकलं नाही.

लाइन मध्येच गेली तर कार्ड खराब होऊ शकतं, म्हणून रास्पबेरी पाय इन्व्हर्टरवर घेतला अन् बॅकअपही काढला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये सीईसी (एचडीएमआय केबलमधून रिमोटचे इशारे पाठवायची सोय) सुरू केलं, त्यामुळे टीव्हीच्याच रिमोटनं कोडी चालतं. बाबा आता स्वतःच कीर्तन लावतात.