जुन्या पिकअपमध्ये मुलाची सीट बसवायची तर आधी पट्टा ओळखा

चाइल्ड सीटच्या पुस्तिकेतल्या चित्रांत गाडी नेहमी नवी असते. मागे ऐसपैस सीट, कुशनच्या फटीत मुलाची सीट अडकवायच्या अँकरच्या कड्या, सगळं जागच्या जागी. जुन्या पिकअपमध्ये यातलं बरंच काही नसतं. अमेरिकेतल्या गाड्यांना या खालच्या कड्या सक्तीच्या झाल्या त्याच मुळी सप्टेंबर २००२ पासून. पण कड्या नाहीत म्हणून हताश व्हायचं कारण नाही. नीट आवळलेला सीटबेल्टही सीट तितकीच घट्ट धरतो. मात्र आपल्या गाडीतला पट्टा कुठल्या प्रकारचा आहे हे माहीत हवं. म्हणून सीट विकत घ्यायच्या आधी गाडीचं मॅन्युअल घेऊन थोडा वेळ केबिनमध्ये बसा.

जागा ठरवा

चार दारांची डबल केबिन असेल तर सीट मागे बसवा, विषय संपला. दीड केबिनच्या पिकअपमध्ये मात्र सांभाळून. पुढच्या सीटमागे भिंतीला टेकून आडव्या उघडणाऱ्या छोट्या सीटा असतील, म्हणजे बसणाऱ्याचं तोंड दरवाजाकडे होत असेल, तर तिथे चाइल्ड सीट कधीच बसवायची नाही. मुलांच्या सीटा गाडीच्या दिशेने किंवा तिच्या उलट तोंड करून बसवण्यासाठीच बनवलेल्या असतात. मागची छोटी सीट समोर तोंड करणारी असली तरी कुशनची खोली बघा. सीटचा तळ किती बाहेर आलेला चालतो हे तिच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. आणि मागच्या उघड्या हौद्यात मूल न्यायचं नाही, सीटमध्ये बांधूनही नाही.

सिंगल केबिनमध्ये पुढची बेंच सीट हा एकच पर्याय उरतो आणि तिथे प्रश्न एअरबॅगचा येतो. चालू एअरबॅगसमोर मागे तोंड केलेली सीट ठेवणं जीवघेणं आहे. फुगणारी पिशवी थेट बाळाच्या डोक्यामागे असलेल्या चाइल्ड सीटच्या पाठीवर आदळते. डॅशबोर्डवर किंवा सनवायझरवर एअरबॅगची खूण आहे का ते शोधा. अमेरिकेत सप्टेंबर १९९८ पासून बनलेल्या हलक्या ट्रकांना (पिकअप त्यातच येतात) पुढच्या दोन्ही एअरबॅग सक्तीच्या आहेत. त्याआधीच्या गाड्यांत प्रवाशाच्या बाजूला ती असेलच असं नाही. मागची सीट नसलेल्या अनेक पिकअपमध्ये किल्लीने एअरबॅग बंद करायचा स्विच असतो. तो बंद करा आणि ‘बंद’ असल्याचा दिवा लागला आहे ना, हे दर वेळी निघताना बघा. एखादा मोठा माणूस तिथे बसून गेला आणि स्विच चालूच राहिला, असं सहज होतं. एअरबॅग आहे पण स्विच नाही, अशा सिंगल केबिनमध्ये तान्हं बाळ न्यायचं नाही. दुसरी गाडी बघा. मूल समोर तोंड करून बसण्याएवढं मोठं असेल आणि दुसरी जागाच नसेल, तर गाडीची सीट पूर्ण मागे सरकवा. बेंचच्या मधल्या जागेवर बसवलं की एअरबॅगपासून सुटका झाली, असंही समजू नका.

पट्ट्याची परीक्षा

सगळा खेळ इथे आहे. आधी पट्टा पूर्ण बाहेर ओढून बघा. कडा झिजलेल्या, दोरे सुटलेले, उन्हाने कडक झालेला भाग दिसला तर पट्टा बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका. बक्कल ‘टक’ करून लागतं का, सीटचे बोल्ट जिथे जमिनीला बसतात तिथे पत्रा गंजलाय का, हेही बघा.

आता कमरेचा आणि खांद्याचा असा तीन टोकांचा पट्टा असेल तर तो शेवटपर्यंत हळूहळू ओढा आणि थोडा आत जाऊ द्या. आत जाताना टकटक आवाज येऊन पुन्हा बाहेर येईना, तर तो स्वतःच अडकणारा पट्टा आहे, काम सोपं. अमेरिकेतल्या सप्टेंबर १९९५ नंतरच्या गाड्यांत प्रवाशांच्या पट्ट्यांना कुलूप लागायची काही ना काही सोय असते. कधी ती पट्टा आत गुंडाळून घेणाऱ्या चकरीत असते, कधी बक्कलमध्ये जाणाऱ्या धातूच्या पत्तीत.

पट्टा फक्त झटका दिल्यावरच अडकत असेल आणि पत्ती त्यावरून मोकळी सरकत असेल, तर तो पट्टा चाइल्ड सीट घट्ट धरून ठेवणार नाही. आज आवळलेला उद्या ढिला होईल. यावर दोन उपाय आहेत. जुना उपाय म्हणजे एच आकाराची धातूची क्लिप. पट्टा आवळून झाला की कमरेचा आणि खांद्याचा असे दोन्ही पदर पत्तीजवळच, अडीच सेंटीमीटरच्या आत, या क्लिपमध्ये एकत्र पकडायचे. क्लिप लावायला बक्कल सोडावं लागतं आणि मग तोच आवळलेला पट्टा पुन्हा लावावा लागतो. बोटं दुखतात. माझं मत विचाराल तर त्यापेक्षा पट्टा पकडणारा चाप ज्यात आधीच बसवलेला आहे अशी सीट घ्यावी. जुन्या गाडीवाल्यांसाठी ही सोय रंग आणि कुशनपेक्षा कितीतरी मोलाची आहे.

नुसता कमरेचा पट्टा असेल तरी हार्नेसच्या, म्हणजे मुलाला बांधायचे पट्टे सीटलाच असलेल्या, बऱ्याच सीटा बसतात, पण सगळ्या नाही. काहींना तीन टोकांचाच पट्टा लागतो, त्यामुळे लेबल वाचा. कमरेचा पट्टा हाताने ओढून घट्ट होणारा किंवा आत जाताना अडकणारा हवा. झटक्यानेच अडकणारा असेल तर ती जागा सोडा, नाहीतर अधिकृत डीलरकडून योग्य पट्टा बसवून घ्या. आणि बूस्टर, म्हणजे मोठ्या मुलाला उंच बसवून गाडीचाच पट्टा लावायची बैठक, नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर कधीच चालत नाही, त्याला खांद्याचा पट्टा हवाच.

जुन्या बेंच सीटची आणखी एक खोड म्हणजे पट्टा पाठ आणि बैठक यांच्या फटीतून न येता बराच पुढून वर येतो. मग कितीही आवळा, सीट पुढेमागे सरकतच राहते. अशा वेळी जोर लावत बसू नका, जागा बदला किंवा वेगळ्या तळाची सीट बघा.

बसवणं

सीट ठेवा आणि पट्टा पुस्तिकेत दाखवलेल्या मार्गानेच घाला. मागे आणि समोर तोंड करायचे मार्ग वेगळे असतात. पट्ट्याला पीळ नको. बक्कल लावा, सीटवर पट्ट्याच्या मार्गापाशी हाताने किंवा कोपराने भार द्या आणि दुसऱ्या हाताने ढील ओढून घ्या. कुलूप लावा. मग पट्ट्याच्या मार्गापाशी धरून सीट आडवी आणि पुढेमागे हलवा. अडीच सेंटीमीटरपेक्षा कमी हलली तर झालं. वरच्या टोकाला धरून हलवू नका, तिथे ती हलणारच.

मागे तोंड केलेल्या सीटचा कोन तिच्यावरच्या खुणेप्रमाणे हवा. पिकअपची बैठक मागे उतरती असते, म्हणून सीट जास्त उभी राहते आणि तान्ह्याची मान पुढे पडते. पुस्तिकेत परवानगी असेल तर खाली घट्ट गुंडाळलेला टॉवेल द्या. तपासणी गाडी सपाट जागी उभी करूनच.

खालच्या कड्या असतील तर पट्टा किंवा कड्या, दोन्हींपैकी एकच वापरा. कड्यांना वजनाची मर्यादा असते.

वरचा पट्टा

समोर तोंड केलेल्या सीटला वरून एक पट्टा असतो, टेदर. धडकेत मुलाचं डोकं पुढे झेपावतं ते यामुळे साधारण दहा ते पंधरा सेंटीमीटर कमी जातं. केबिन अरुंद असते आणि डॅशबोर्ड किंवा पुढची सीट जवळ, म्हणून पिकअपमध्ये हे अंतर फार मोठं आहे. अमेरिकेत हलक्या ट्रकांना टेदरचा अँकर सप्टेंबर २००० पासून सक्तीचा झाला.

पिकअपमध्ये तो शोधायला मात्र डोकं लढवावं लागतं. बहुधा सीटची पाठ पुढे पाडल्यावर मागच्या भिंतीवर दिसतो. काही गाड्यांत डोक्याच्या उशीमागे कापडी कडी असते: टेदर तिच्यातून ओवून शेजारच्या कडीला किंवा अँकरला अडकवायचा. हे मॅन्युअल वाचल्याशिवाय सुचणार नाही. सामान बांधायच्या हुकाला टेदर लावू नका, आणि स्वतः भोक पाडून बोल्टही बसवू नका. अँकर नसेल तर डीलरला विचारा, कित्येक गाड्यांसाठी कंपनीचं किट मिळतं.

मूल बसवताना

हार्नेसचे खांद्याचे पट्टे मागे तोंड असेल तर खांद्याच्या पातळीवर किंवा किंचित खाली, समोर तोंड असेल तर पातळीवर किंवा किंचित वर. खांद्यावर पट्ट्याची चिमूट पकडता आली तर तो ढिला आहे. छातीची क्लिप काखेच्या पातळीला. जाड जाकीट हार्नेसच्या आत नको, वरून पांघरूण घाला.

वापरलेली सीट मिळत असेल तर मुदतीची तारीख बघा आणि अपघातात सापडलेली नाही याची खात्री असेल तरच घ्या. केबिनमध्ये सीटमागे पडलेले पाने, जॅक, साखळी हेही दुसरीकडे नीट बंदिस्त ठेवा. धडकेत तेच मुलाच्या अंगावर येतात.