पिल्लं आणि उबवणीची अंडी निर्यात करताय? आरोग्य प्रमाणपत्रातल्या या चुका टाळा

अंड्यातून बाहेर येण्याआधी पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेतं आणि त्याच शिदोरीवर दाणा-पाण्याशिवाय साधारण ७२ तास तग धरतं. जागतिक पशुआरोग्य संघटनाही ‘एक दिवसाची पिल्लं’ याच ७२ तासांच्या मापाने ठरवते. मात्र हे तास पिल्लू जन्मल्या क्षणापासून मोजायचे, विमान सुटल्यापासून नव्हे. हॅचरीतली (अंडी उबवण्याच्या केंद्रातली) निवड, लसीकरण, विमानतळापर्यंतची वाट, उड्डाण आणि सीमेवरची तपासणी, सगळं त्यातच बसवायचं असतं. अशा वेळी प्रमाणपत्रातला एक रकाना चुकला आणि खेप थांबली, तर बॉक्समधली पिल्लं माना टाकायला लागतात. माझ्या पाहण्यात अडकलेल्या बहुतेक खेपांमध्ये कळप निरोगी होता, घोळ कागदात होता. टाळता येण्यासारख्या कारणाने जीव जातात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

गेल्या वेळचा नमुना पुन्हा वापरणं

आरोग्य प्रमाणपत्रावर सही करतो निर्यातदार देशाचा सरकारी पशुवैद्यक, पण त्यात काय लिहायचं हे ठरवतो आयात करणारा देश. त्यामुळे कामाची सुरुवात हॅचरीपासून करायची नसते. ती खरेदीदाराच्या देशाच्या आयात परवान्यापासून करायची. खरेदीदाराकडून परवान्याची पूर्ण प्रत मागवा, जोडपत्रांसकट. ‘नेहमीच्याच अटी आहेत’ एवढ्या निरोपावर मशीनला अंडी लावू नका. प्रमाणपत्राच्या सहा महिन्यांपूर्वीच्या नमुन्यात आता एक ओळ वाढलेली असते आणि ती नेमकी एखाद्या चाचणीची असते.

दोन देशांमध्ये नमुना ठरलेलाच नसेल तर तो आधी दोन्हीकडच्या पशुवैद्यकीय विभागांना ठरवावा लागतो. यात महिने जातात आणि निर्यातदाराला ते काम परस्पर करता येत नाही. ऑर्डर घेण्याआधी एवढं तरी विचारून घ्या. नमुना कोंबडीच्या पिल्लांचा आहे की टर्की-बदकांचा, हेही बघा. पिल्लं आणि उबवणीची अंडी यांचे नमुने वेगळे असतात. एकाचा कागद दुसऱ्याला चालत नाही.

तारखा उलट्या न मोजणं

सगळ्यात जास्त खेपा इथे फसतात, म्हणून इथे जरा थांबू.

पिल्लांचं प्रमाणपत्र म्हणजे खरं तर त्यांच्या आईबापांचं प्रमाणपत्र. एक दिवसाच्या पिल्लाची स्वतःची तपासणी म्हणजे वरवरची नजर. रोगमुक्तीची हमी येते ती पैदास कळपाकडून. आणि त्या कळपाने अंडं दिलं ते पिल्लू निघण्याच्या तीन-चार आठवडे आधी. म्हणून अट वाचताना पहिला प्रश्न विचारायचा: हे दिवस कुठून मोजायचे? निर्यातीच्या तारखेपासून, पिल्लू निघाल्यापासून, की अंडी गोळा केल्यापासून?

उदाहरण घेऊ. विमान ३० जूनला आहे. पिल्लं २९ जूनला निघणार, म्हणजे कोंबडीची अंडी २१ दिवस आधी, ८ जूनला, मशीनला लागली. ती अंडी २ ते ७ जूनदरम्यान गोळा केली. आता राणीखेत या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची अट बघा. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या संहितेत, म्हणजे नियमावलीत, ती अशी आहे, की अंडी गोळा करण्याआधीचे किमान २१ दिवस आणि गोळा करतानाही पैदास कळप राणीखेतमुक्त फार्मवर असला पाहिजे. २ जूनच्या मागे २१ दिवस म्हणजे १२ मे. जूनअखेरच्या विमानाचा कागद मेच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत मागे जातो. १५ मे रोजी त्या शेडमध्ये दुसऱ्या फार्मवरचे नर आणून घातले असतील, तर सही करणारा डॉक्टर त्या नरांचा दाखला मागणार, आणि तो मागितलाच पाहिजे.

चाचण्यांच्या तारखाही अशाच चकवतात. ‘निर्यातीपूर्वी ३० दिवसांच्या आत’ अशी अट आहे आणि तुम्ही १ जूनला रक्तनमुने घेतले. ३० जूनच्या विमानाला २९ दिवस झाले, चाललं. विमान दोन दिवस पुढे ढकललं गेलं की ३१ दिवस झाले आणि अहवाल बाद. हॅचरमधली पिल्लं काही दोन दिवस थांबणार नाहीत. नमुने घेताना शेवटच्या दिवसापर्यंत ताणू नका, आठवड्याभराची मोकळीक ठेवा. पण प्रयोगशाळेला साल्मोनेला जिवाणूच्या कल्चरसाठी (जंतू वाढवून बघण्याच्या चाचणीसाठी) लागणारे दिवस धरूनच.

प्रजाती बदलली की गणितही बदलतं. टर्की आणि बहुतेक बदकांना २८ दिवस लागतात, मस्कोव्ही बदकाला ३५ च्या आसपास. कोंबडीसाठी बनवलेला तक्ता तसाच बदकांना लावला तर आठवडाभराची चूक तिथेच होते.

बर्ड फ्लूच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. २०२१ मध्ये संघटनेने या रोगाचा कळपाच्या पातळीवरचा सुप्तकाळ (लागण झाल्यापासून लक्षणं दिसेपर्यंतचा काळ) २१ दिवसांवरून १४ दिवसांवर आणला. ते वाचून काही जण १४ दिवसांचा हिशेब लावून मोकळे होतात. आयातदाराच्या नमुन्यात २१ लिहिले असतील तर २१च पाळायचे. संहिता हा पाया आहे. शब्द चालतो तो परवान्यातला.

लस आणि चाचणी यांचा मेळ न घालणं

राणीखेतची लस दिलेल्या कळपात रक्तामध्ये अँटिबॉडी सापडणारच. तिथे नुसती एचआय किंवा एलायझा (रक्तातल्या अँटिबॉडी शोधणारी चाचणी) करून ‘निगेटिव्ह’ची वाट बघण्यात अर्थ नाही. अशा कळपाला स्वॅब घेऊन पीसीआर किंवा विषाणू वेगळा करण्याची चाचणी लागते, आणि प्रमाणपत्राच्या नमुन्यात तसा पर्याय आहे की नाही हे आधी बघावं लागतं.

पांढरी हगवण आणि फाउल टायफॉइड या साल्मोनेलामुळे होणाऱ्या रोगांसाठी काचपट्टीवर रक्ताचा थेंब आणि रंगीत अँटिजेन मिसळून चाचणी करतात. दोन मिनिटांत गुठळ्या दिसल्या की पक्षी संशयित. आता त्याच कळपाला साल्मोनेला एन्टेरिटिडिसची मृत लस दिलेली असेल तर पक्षी निरोगी असूनही गुठळ्या दिसू शकतात, कारण हे जंतू एकाच गटातले आणि त्यांचे अँटिजेन सारखे. असा निकाल आला की घाबरून कळप काढायला जाऊ नका. संशयित पक्ष्यांची जिवाणू तपासणी करून घ्या, आणि पुढच्या वेळी ही चाचणी लसीकरणाआधी उरकून टाका. मायकोप्लाझ्मा या दुसऱ्या जिवाणूचंही तसंच: जिवंत लस दिलेल्या कळपाची एलायझा पॉझिटिव्ह येते, आणि लसीचा जंतू की रानटी जंतू हे ओळखायला पीसीआरच्या वेगळ्या चाचण्या लागतात. काही देशांना मायकोप्लाझ्माची लस दिलेला कळपच नको असतो. मग कुठलीही चाचणी उपयोगाची नाही.

किती पक्ष्यांचे नमुने घ्यायचे ही संख्याही परवान्यातून घ्यायची. वारंवार दिसणारा ६० हा आकडा हवेतून आलेला नाही: मोठ्या कळपात ५ टक्के पक्ष्यांना लागण असेल तर ती ९५ टक्के खात्रीने हाती लागण्यासाठी सुमारे ५९-६० पक्षी तपासावे लागतात. ही संख्या दर शेडला की पूर्ण फार्मला, हा प्रश्न मात्र लेखी विचारा. आणि नमुने घेण्याच्या आधी कळपाला अँटिबायोटिक चालू असेल तर ते लपवू नका. औषधाने साल्मोनेला कल्चरमध्ये उगवत नाही, कागद स्वच्छ दिसतो आणि जंतू अंड्यातून पिल्लांबरोबर खरेदीदाराच्या शेडमध्ये पोचतो. हे जंतू आईकडून अंड्यात उतरतात. म्हणून तर एवढ्या चाचण्या आहेत.

बर्ड फ्लूची लस हा तर वेगळाच विषय. फ्रान्सने ऑक्टोबर २०२३ मध्ये बदकांना ही लस द्यायला सुरुवात केली आणि अमेरिकेने लगोलग तिथल्या कुक्कुट आयातीवर निर्बंध घातले. तुमच्या कळपाला दिली नसली, तरी तुमच्या देशात ही लस चालते का, हा रकाना अनेकदा असतो. तो रिकामा सोडू नका.

आकडे आणि नावं जुळत नसणं

बॉक्स उघडून बघा. चार खणांचा, शंभर पिल्लांचा बॉक्स. पण प्रवासातली मर धरून हॅचरीत सवयीने दर शंभरी दोन पिल्लं जास्त टाकतात. प्रमाणपत्रावर १०,००० आणि बॉक्समध्ये १०,२००. व्यापारात ही पद्धत मान्य असेल, पण सीमेवरचा अधिकारी मोजतो तेव्हा दोनशे पिल्लं बिनकागदाची ठरतात. जादा पिल्लांसकट आकडा लिहायचा, आणि बीजकावर फुकटची किती ते वेगळं दाखवायचं.

पॅरेंट स्टॉक (पुढे पैदाशीसाठी वाढवायची पिल्लं) असेल तर नर आणि मादी पिल्लं वेगवेगळ्या कळपांतून येतात. दोन्ही मूळ कळपांचे क्रमांक, शेडची नावं आणि चाचणी अहवाल यांची स्वतंत्र नोंद लागते. प्रयोगशाळेच्या अहवालात ‘शेड ३’, प्रमाणपत्रात ‘युनिट सी’ आणि आयात परवान्यात कंपनीचं जुनं नाव असं असेल तर तपासणाऱ्याच्या दृष्टीने ते तीन वेगळे फार्म आहेत. प्रयोगशाळेला नमुने पाठवतानाच तीच नावं वापरा जी परवान्यात आहेत.

सीमाशुल्काचा कोड क्लिअरिंग एजंटच्या भरवशावर सोडू नये. कोंबडीची उबवणीची अंडी ०४०७.११ मध्ये येतात, खाण्याची ताजी अंडी ०४०७.२१ मध्ये. १८५ ग्रॅमपर्यंतची कोंबडीची जिवंत पिल्लं ०१०५.११, टर्कीची ०१०५.१२, बदकांची ०१०५.१३. चुकीचा कोड पडला की खेप थेट खाद्यपदार्थांच्या रांगेत जाते आणि तिथे तुमचं पशुआरोग्य प्रमाणपत्र कुणी विचारतच नाही.

पिल्लं निघण्याच्या दिवशी संख्या कमी भरली तर? हे नेहमीचंच आहे. पण छापील आकड्यावर पेनाने काट मारून नवा लिहिणं, वर छोटी सही करणं, असलं काही करू नका. अनेक ठिकाणी खाडाखोड असलेलं प्रमाणपत्र सरळ परत येतं. अंतिम आकडा बॉक्स भरून झाल्यावरच टंकला जावा, असं सही करणाऱ्या पशुवैद्यकाशी आधीच ठरवून ठेवा. लागू नसलेले पर्याय नमुन्यात सांगितलं आहे त्याच पद्धतीने रद्द करा, कुठलाही रकाना कोरा ठेवू नका, प्रत्येक पानावर प्रमाणपत्राचा क्रमांक आला का बघा, आणि शिक्का जोडपत्रांवरही हवा. युरोपीय संघाच्या नमुन्यांत सही-शिक्क्याची शाई छपाईच्या रंगापेक्षा वेगळी लागते. काळ्या छपाईवर काळी सही चालत नाही.

आणि पशुवैद्यकावर दबाव आणू नका. ज्याची खात्री त्याला स्वतःला करून घेता येत नाही, त्यावर त्याने सही करायची नाही, हे प्रमाणीकरणाचं मूळ तत्त्व आहे. म्हणूनच तुमच्या फार्मचा पगारी डॉक्टर ही सही करू शकत नाही.

पेट्या, ट्रे आणि वाट

बॉक्स नवे हवेत. कागदी ट्रे दुसऱ्यांदा वापरू नयेत. प्लॅस्टिकचे असतील तर धुऊन, निर्जंतुक करून, आणि त्याची तारीख व औषधाचं नाव लिहून ठेवून. तडकलेली, विष्ठा लागलेली अंडी काढून टाका. बॉक्समध्ये पेंढा घालू नका, कित्येक देशांत तो येऊ देत नाहीत. लाकडी पॅलेटवर उष्ण प्रक्रियेचा आंतरराष्ट्रीय शिक्का बघून घ्या. विमान कंपन्या आयाटा या त्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचे जिवंत प्राण्यांचे नियम पाळतात आणि त्यांची नवी आवृत्ती दर वर्षी १ जानेवारीला लागू होते, म्हणून गेल्या वर्षीच्या बॉक्सच्या मापांवर विसंबू नका.

मधल्या विमानतळाचा विचार बहुतेक जण तिकीट निघाल्यावर करतात. खेप विमान बदलणार असेल तर त्या देशाची वाहतूक परवानगी लागू शकते, आणि तुमच्या भागात बर्ड फ्लू असेल तर तिथून जाऊही देत नाहीत. शक्य तिथे थेट विमान घ्या. पोचण्याची वेळ सीमेवरच्या पशुवैद्यकाच्या कामाच्या तासांत येते का, तेही खरेदीदाराकडून लेखी घ्या. शुक्रवारी रात्री उतरलेल्या पिल्लांना सोमवार परवडत नाही.

खेप अडकलीच तर

पहिला फोन एजंटला न करता सही करणाऱ्या पशुवैद्यकाला करा. चूक कागदाची असेल तर तोच बदली प्रमाणपत्र देऊ शकतो. त्यावर ते मूळ प्रमाणपत्राच्या जागी आहे असं स्पष्ट लिहून जुन्याचा क्रमांक आणि तारीख नोंदवावी लागते. दुरुस्त स्कॅन स्वतः तयार करून पाठवला तर ती फसवणूक ठरते आणि पुढच्या सगळ्या खेपा बंद होतात. हा फोन रात्री दोन वाजता लागेल का, हे खेप निघण्याआधी विचारून ठेवा; दोन देशांच्या घड्याळांत सात-आठ तासांचं अंतर सहज असतं.

अंडी असतील तर थोडी उसंत मिळते. १५ ते १८ अंश सेल्सिअसला ती काही दिवस थांबू शकतात, मात्र आठवड्यानंतर पिल्लं निघण्याचं प्रमाण घसरत जातं. म्हणूनच एखाद्या देशाशी पहिला व्यवहार असेल, कागदांची वाट कुणी चाललेलं नसेल, तर पहिली खेप अंड्यांची पाठवावी असं माझं स्पष्ट मत आहे.

सही झाल्यावर आणि विमान सुटण्याआधी तुमच्या परिसरात बर्ड फ्लू निघाला, तर हातात सही-शिक्क्याचा कागद आहे म्हणून खेप पुढे रेटू नका. पशुवैद्यकीय विभागाला त्याच क्षणी कळवा. फार्म बाधित क्षेत्राच्या बाहेर असेल आणि आयातदार देश क्षेत्रनिहाय किंवा कंपार्टमेंटनिहाय (एकाच जैवसुरक्षा व्यवस्थेखालच्या फार्मांची) रोगमुक्ती मानत असेल, तर नव्या प्रमाणपत्रावर खेप जाऊ शकते. तसं कलम परवान्यात आहे का, हे विभाग काही तासांत सांगू शकतो. कलम नसेल तर ते प्रमाणपत्र परत करा आणि पिल्लांसाठी त्याच दिवशी देशातली शेड शोधा.