मृत्युपत्र संगणकावर लिहा, सही मात्र कागदावरच करा

मी जिल्हा न्यायालयात वकिली करते आणि माझ्याकडे बहुतेक वारसाहक्काचीच प्रकरणं येतात. हल्ली पक्षकार कागद काढायच्या आधी मोबाईल पुढे करतात. "बाबांनी व्हिडिओत सगळं सांगितलंय, बघा." बाबा खरंच स्पष्ट बोलत असतात. फ्लॅट कोणाला, शेत कोणाला, आईने हयातभर कुठं राहायचं, सगळं. पण कायद्याच्या लेखी ते मृत्युपत्र नसतं, आणि हे कळतं तेव्हा बाबा गेलेले असतात. म्हणून वेळेवर काय करायचं ते सांगते.

आधी कायदा. माहिती तंत्रज्ञान कायदा, 2000 ने इलेक्ट्रॉनिक दस्ताला आणि डिजिटल सहीला मान्यता दिली, पण त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत काही दस्त वगळले आहेत. मृत्युपत्र त्यातलं एक. 2022 मध्ये ही यादी बदलली आणि स्थावर मिळकतीच्या विक्रीचा करार तिच्यातून निघाला, मृत्युपत्र मात्र तिथंच राहिलं. त्यामुळे आधारवरची ई-सही, यूएसबी टोकन (पेनड्राइव्हसारखं उपकरण) लावून केलेली डिजिटल सही, स्वतःला पाठवलेला ईमेल किंवा व्हॉट्सअ‍ॅपचा मेसेज, यांतल्या कशानेही मृत्युपत्र होत नाही. परदेशातली मुलं तिकडच्या ऑनलाइन मृत्युपत्राच्या लिंक पाठवतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात डिसेंबर 2021 पासून इलेक्ट्रॉनिक मृत्युपत्र चालतंही. पण भारतातल्या घराला आणि जमिनीला भारताचाच कायदा लागतो.

तो म्हणजे भारतीय उत्तराधिकार कायदा, 1925, कलम 63. मृत्युपत्र करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा, आणि किमान दोन साक्षीदार हवेत. (मुस्लिम व्यक्तींना याबाबत त्यांचा वैयक्तिक कायदा लागतो. त्यांनी त्यातल्या जाणकारालाच विचारावं.) हाताने लिहिलंच पाहिजे असं कुठेही म्हटलेलं नाही. मोबाईलवर टाइप करा, मुलीकडून करून घ्या, मराठीत करा. स्टँप पेपरही लागत नाही, साधा कागद पुरतो. मिळकतीचं वर्णन मात्र आठवणीतून लिहू नका. सातबारा समोर ठेवून गट नंबर आणि क्षेत्र उतरवा, फ्लॅट असेल तर करारनाम्यातलं वर्णन जसंच्या तसं घ्या.

आता सहीचा दिवस. सगळ्यात जास्त मृत्युपत्रं इथंच कच्ची राहतात, म्हणून सावकाश सांगते. प्रिंट काढा. दोन्ही साक्षीदारांना एकाच वेळी, एकाच खोलीत बोलवा. कायदा साक्षीदार वेगवेगळ्या वेळी आले तरी चालवून घेतो, मी चालवून घेत नाही, कारण उलटतपासणीत पहिला प्रश्न तिथंच येतो. करणाऱ्याने प्रत्येक पानाच्या तळाशी सही करावी आणि शेवटच्या पानावर मजकूर संपतो तिथं लगेच खाली पूर्ण सही. मध्ये कोरी जागा नको, तिथं नंतर काही घातल्याचा आरोप होतो. ती सही होताना साक्षीदारांची नजर कागदावर हवी, चहाच्या कपावर नको. मग साक्षीदार सही करतील, तेव्हा करणारा तिथंच समोर बसलेला हवा. पाणी प्यायलाही आत जाऊ नये. साक्षीदाराने मजकूर वाचलाच पाहिजे असं नाही. त्याने सही पाहिली पाहिजे. व्हिडिओ कॉलवरच्या साक्षीदारावर विसंबू नका.

साक्षीदार कोण? ज्याला मृत्युपत्रातून काही मिळणार आहे तो नको, त्याचा नवरा किंवा बायकोही नको. आणि तुमच्यापेक्षा वयाने लहान, गावातच राहणारा माणूस बघा. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 67 प्रमाणे (जुन्या पुरावा कायद्यात हे कलम 68 होतं) मृत्युपत्र शाबीत करायला किमान एक साक्षीदार कोर्टात उभा करावा लागतो. दस्त नोंदवलेला असला तरी यातून सुटका नाही. ऐंशीच्या घरातल्या माणसाने ऐंशीच्याच मित्राची सही घेतली की पुढे आमची धावपळ होते.

व्हिडिओ काढू नका असं मी म्हणत नाही. जरूर काढा. तो मृत्युपत्राची जागा घेत नाही, पण "म्हातारा शुद्धीवर नव्हता, जबरदस्तीने सही घेतली" या आरोपाला तो चांगलं उत्तर देतो. फोन एका जागी ठेवून पहिल्या सहीपासून शेवटच्या सहीपर्यंत न थांबवता चित्रण करा. करणाऱ्याने स्वतः नाव आणि तारीख सांगावी. मागून कोणी शब्द पुरवले तर तोच व्हिडिओ तुमच्या विरुद्ध वापरला जाईल. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन जपा. फॉरवर्ड झालेल्या तुकड्याचा मूळ स्रोत सिद्ध करणं अवघड जातं, आणि अशा इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत कोर्टात त्याबद्दलचं प्रमाणपत्रही जोडावं लागतं. वय झालं असेल तर त्याच दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र घ्या.

सही झाल्यावर संगणकातली फाइल बदलून काहीच बदलत नाही आणि ती डिलीट केल्याने मृत्युपत्र रद्दही होत नाही. कागदावर पेनने खाडाखोड केली तर त्या दुरुस्तीलाही तुमची आणि दोन साक्षीदारांची सही लागते. त्यापेक्षा नवं करा, "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रं रद्द" हे वाक्य घाला आणि जुनं स्वतःच्या हाताने फाडून टाका.

नोंदणी ऐच्छिक आहे, पण दुय्यम निबंधक कार्यालयात ती करून घ्या असंच मी सांगते. स्कॅन मुलांना पाठवा, पण मूळ प्रत सांभाळा. ती शेवटपर्यंत तुमच्याजवळ होती आणि तुमच्यानंतर सापडली नाही, तर तुम्हीच ती नष्ट केली असं कोर्ट गृहीत धरू शकतं. घरात ठेवायची भीती वाटत असेल तर नोंदणी कायदा, 1908 च्या कलम 42 प्रमाणे बंद लिफाफ्यात जिल्हा निबंधकांकडे ठेवता येते.

राहिली ऑनलाइन खाती. बँक, डीमॅट, म्युच्युअल फंड यांचे तपशील मृत्युपत्रात लिहा, पासवर्ड मात्र लिहू नका, कारण ते कागद पुढे अनेकांच्या हातात जातात. नॉमिनी नेमला म्हणून हा तपशील गाळू नका. शेअर्सचा नॉमिनी मालक होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2023 मध्ये स्पष्ट केलं आहे. पासवर्डची चिठ्ठी वेगळी ठेवा आणि ती कुठं आहे हे ज्याला मृत्युपत्राचा व्यवस्थापक (ते अमलात आणणारा, एक्झिक्युटर) नेमलाय त्याला आजच सांगा.