दारं धरता धरता लघुग्रह पकडायचा कसा

वाळवा तालुक्यात आमचा ऊस आहे. थ्री फेज लाईट रात्रपाळीची असली की मोटर चालू करून बांधावर बसायचं, सरी भरली की दार मोडायचं, परत बसायचं. या रिकाम्या बसण्यात मी व्हेस्टा शोधायला शिकलो.

व्हेस्टाच का, तर मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यातला सगळ्यात तेजस्वी लघुग्रह तोच. त्याच पट्ट्यातला सेरेस ९४० किलोमीटर व्यासाचा, हा ५२५चा, पण याचा पृष्ठभाग उजळ. १० बाय ५०ची साधी दुर्बीण पुरते. ती खोऱ्याच्या दांड्यावर टेकवा, नाहीतर हात थरथरतो आणि सगळ्याच चांदण्या पळायला लागतात.

आधी हंगाम बघा. मोबाईलवर स्टेलॅरियम या आकाशाच्या नकाशाच्या ॲपमध्ये व्हेस्टा शोधा. सूर्य मावळताना तो उगवत असेल आणि मध्यरात्री सगळ्यात उंच येत असेल, तर तो सूर्याच्या बरोबर समोर आहे. हीच वेळ. ही वेळ पावसाळ्यात आली तर नाद सोडा. वद्य दशमीनंतर सुरुवात करा, म्हणजे चंद्र आड येत नाही.

कोऱ्या कागदावर चहाची बशी पालथी घालून वर्तुळ काढा, हे दुर्बिणीतून दिसणारं आकाश. बॅटरीला लाल जिलेटिन गुंडाळा. ॲपवरून फक्त आकाशाचा तुकडा ठरवा आणि मोबाईल खिशात टाका. दुर्बिणीत दिसतील तेवढे ठिपके काढा, ठळक चांदणीला मोठा. तारीख आणि वेळ लिहाच. माझे पहिले तीन कागद त्यावाचून वाया गेले. ठिपका कुठला हे आधीच ठाऊक असलं की हात तिथंच तो काढतो, दिसो वा न दिसो. हे मी स्वतः केलंय.

चार रात्रींनी तोच तुकडा परत काढा. व्हेस्टा या दिवसांत रोज साधारण पाव अंश सरकतो, म्हणजे बशीएवढ्या वर्तुळात दिवसाला अर्धा सेंटीमीटर. दोन कागद एकावर एक धरून बॅटरीसमोर न्या. सगळे ठिपके जुळतात, एक दोन सेंटीमीटर पश्चिमेला गेलेला असतो. पहिल्यांदा तो सापडला तेव्हा मी बघतच बसलो आणि सरी फुटून पाणी शेजाऱ्याच्या हरभऱ्यात गेलं.

पश्चिमेला, म्हणजे उलटा का? दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर तुम्ही मोटरसायकलवरून ओलांडता, तेव्हा तो मागं सरकल्यासारखा वाटतो. पृथ्वी सेकंदाला ३० किलोमीटर, व्हेस्टा १९. समोर येण्याच्या दीडेक महिना आधी आणि नंतर तो जवळपास थांबलेला दिसतो. त्या दिवसांत कागद काढू नका.

सलग दिसत राहणंही महत्त्वाचं. १ जानेवारी १८०१ला इटलीतल्या पलेर्मोमध्ये पियाझी या खगोलशास्त्रज्ञांना सेरेस सापडला, पण फेब्रुवारीत ते आजारी पडले आणि सेरेस सूर्याच्या उजेडात गेला. २४ वर्षांच्या गाउस या गणितज्ञानं थोडक्या नोंदींवरून कक्षा काढली, म्हणून वर्षअखेरीस तो परत मिळाला. व्हेस्टा ऑल्बर्स या खगोलशास्त्रज्ञांना १८०७मध्ये सापडला.

गाउसचं गणित मला झेपत नाही, पण कक्षेचा अंदाज काढता येतो. व्हेस्टा परत समोर यायला सरासरी ५०४ दिवस लागतात, म्हणजे १.३८ वर्षं. एवढ्यात पृथ्वीचे १.३८ फेरे झाले, आणि तिनं त्याला एका पूर्ण फेऱ्यानं मागं टाकलं, म्हणून त्याचा ०.३८. मग १.३८ भागिले ०.३८, उत्तर ३.६३ वर्षं. हा त्याचा एक पूर्ण फेरा. आता केप्लरचा नियम, फेऱ्याच्या वर्षांचा वर्ग म्हणजे सूर्यापासूनच्या अंतराचा घन: ३.६३चा वर्ग १३.१८, त्याचं घनमूळ २.३६. सूर्यापासून आपण जेवढे लांब, त्याच्या २.३६ पट तो लांब. मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर होतं.

पुढच्या वेळी मात्र त्याच जागी शोधू नका, तो साडेचार राशी पुढं गेलेला असतो. जुने कागद खताच्या रिकाम्या पोत्यात ठेवा, घुशी लागत नाहीत अशा उंचीवर.